बोल्टावरची अर्धी रेघ

१

चुन्याच्या गोदामाचा राखणदार स्टुलावर बसल्या बसल्या गेला. भरदुपारी, डबा उघडून पहिला घास तोंडात घालायच्या आत. उतारावरून इस्पितळाच्या मळक्या चादरी घेऊन येणारी लॉन्ड्रीची व्हॅन वळणावर वळलीच नाही. सरळ आली, राखणदारासकट भिंत पाडून आत घुसली, आणि वर रचलेली चुन्याची पोती तिच्या टपावर फुटली. लोक धावत आले तेव्हा समोर काय, तर पांढरा धुरळा, त्यात फुटून पसरलेली रक्ता-पुवाच्या चादरींची गाठोडी, आणि मध्येच डब्याचं झाकण, अजून गोल गोल फिरत असलेलं. बघणाऱ्यांनी नाकाला रुमाल लावले. दोघंतिघं कडेला जाऊन ओकले.

व्हॅनचा ड्रायव्हर वाचला. खुब्याचं हाड मोडलं, पण वाचला. आणि तो वाचला म्हणून जो तो त्याच्यावर तुटून पडला. डुलकी लागली, दुसरं काय! दुपारची वेळ, भरलं पोट, डोळा लागला. मेलेला बोलू शकत नाही आणि पलंगाला खिळलेल्याचं कोणी ऐकत नाही.

त्याची बायको बाईंच्या दारात आली ती सकाळी, पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून.

बाई म्हणजे बाईच. मोटार दुरुस्तीच्या शाळेत त्यांनी उभा जन्म शिकवलं. गावातले निम्मे मिस्त्री त्यांच्या हाताखालून गेलेले, आणि उरलेले निम्मे त्यांच्या शिव्या खाऊन पळालेले. निवृत्त झाल्यावर विमा कंपनीसाठी मोडक्या गाड्या तपासायच्या. माणूस खोटं बोलतो, लोखंडाला तेवढी अक्कल नसते, असं त्यांचं म्हणणं.

"बाई, ह्यांना वाचवा."

"कुणापासून?"

"ह्यांच्यापासूनच." ती उंबऱ्यावरच बसली. "जो येतो तो सांगतो, तुझा डोळा लागला. लॉन्ड्रीवाले दादा तर रोज येऊन सांगतात. पहिल्यांदा हे भांडायचे. काल म्हणाले, लागलाही असेल गं, मला कुठं आठवतंय नीट. आज संध्याकाळी फौजदार जबाब घ्यायला येणार. हे कबूल करून टाकतील, बाई. मग तुरुंग. आणि तुरुंगापेक्षा वाईट म्हणजे, एक जीव आपण झोपेत मारला हे उराशी घेऊन जगायचं. असला देवभोळा माणूस, मरेल त्यानं."

"दुपारी झोपायची सवय आहे त्यांना?"

"सवय? लग्नाच्या दिवशीसुद्धा दुपारी झोपला नाही हा माणूस. मी झोपले होते."

बाई हसल्या नाहीत. "गाडी काही बोलत होती का त्याआधी?"

"बोलत कसली, कण्हत होती. हे गाडीबरोबर गातात ना. देवाचंच काहीबाही. गाडीचा सूर धरतात आणि गातात. हल्ली तिचा सूर इतका चढला होता की घरी यायचे ते घसा बसवूनच. वळताना तर किंचाळायची म्हणे. सकाळी चाक दगडासारखं जड. उभी करतील तिथं खाली तेलाचा डाग."

बाईंनी चष्मा काढला. स्टिअरिंगचा पंप म्हणजे ड्रायव्हरच्या मनगटामागे उभा असलेला दुसरा माणूस. आपण चाक फिरवायचं नुसतं मनात आणतो. तेल दाबून जड चाकं वळवतो तो. तो आजारी पडला की लपवत नाही. आधी कण्हतो, मग ताठतो, मग गळतो, आणि त्याच्या डबीतलं तेल फेसाळतं. हे त्यांनी वर्गात इतकं घोकून घेतलं होतं की पोरं नाचताना म्हणायची.

"मग पंप बदलला नाही?"

"बदलला की! त्या अपघाताच्या आधीच. दादांनी पंपवाल्याकडून दुरुस्त केलेला आणला, मिस्त्रीनं बसवला. थोडे दिवस गप्प होती. मग पुन्हा सुरू."

"पुन्हा? नव्यानं बसवलेला पंप पुन्हा कण्हायला लागला?"

"हो. पण आता सगळे म्हणतात, पंप ठणठणीत निघालाय. फौजदारांच्या समोर फिरवून बघितला. मग खोटं कोण, बाई? पंप, का माझा नवरा?"

२

व्हॅन मिस्त्रीच्या आवारात उभी होती. मिस्त्रीही बाईंचाच विद्यार्थी. वर्गात त्याचं नाव कटकट्या पडलं होतं, आणि त्यानं ते इमानानं सांभाळलं होतं.

"तुम्हीच राहिला होतात यायच्या," तो म्हणाला. "फौजदार येऊन गेला, विम्याचा कारकून येऊन गेला, आता तुम्ही. सगळ्यांना वाटतं, मी काहीतरी घाण केलीये."

"केलीयेस का?"

"बाई!"

मागच्या दारातून भपकारा येत होता. चादरी कोणी काढल्याच नव्हत्या. उन्हात त्या आंबल्या होत्या आणि हिरव्या माश्यांचा थर वर हलत होता. बाईंनी पदर नाकाला लावला आणि पुढं जाऊन बॉनेट उचललं.

आत सगळं पांढरं. रेडिएटर फुटून गरम पाणी उडालेलं, त्यात चुना भिजलेला, आणि आता तो सगळ्या इंजिनावर असा घट्ट बसला होता की नखानं निघेना. नळ्या पांढऱ्या, तारा पांढऱ्या, बॅटरी पांढरी. आणि त्या सगळ्याच्या मध्ये एकच वस्तू अशी लखलखत होती, जशी सुतकाच्या घरात नटून आलेली पाहुणी.

पंप. चंदेरी. कणभर चुना नाही.

"हा कुणी पुसला?"

"मला वाटलं, फौजदाराच्या माणसानं पुसला असेल, फिरवून बघायच्या आधी."

"आणि खाली पंप धरणारा हा ब्रॅकेट? तो तितकाच पांढरा राहिला? पुसणारा मोठा नाजूक हाताचा दिसतोय." बाईंनी पुलीच्या खाचेत बोट घातलं. बोट फिरवून बघितलं, मग मिस्त्रीला बोट घालायला लावलं. "काय लागतंय?"

"रंग."

"पट्टा जिथून फिरतो त्या खाचेत रंग शाबूत. आणि पट्टा बघ."

पट्टा आतून जळून काळा, चकचकीत झाला होता. वरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रबराची काळी भुकटी उडालेली होती, चुन्याच्या थराखाली. पट्टा घासून जळला, पण पुलीला त्याचा ओरखडाही नाही. एका घरात राहून जावाजावांनी एकमेकींचं तोंडही बघू नये तसं.

"डबीतलं तेल?"

"लाल. स्वच्छ. मी बघितलंय."

"आता खालची नळी सोड. स्टिअरिंगच्या पेटीकडची."

मिस्त्रीनं नळी सोडली. काळं तेल गळलं. जळक्या वासाचं, दाट, आणि उन्हात धरलं तर त्यात बारीक चकाकी. लोखंड आतल्या आत दळलं गेलं की तेलात अशी चकाकी येते.

"पंप बसवलास तेव्हा जुन्या नळ्या धुतल्या होत्यास?" बाईंनी विचारलं. "नाही धुतल्या तर जुना कीस नव्या पंपात जातो आणि त्यालाही खातो."

"धुतल्या! नवं तेल घातलं, चाकं उचलून इकडून तिकडं फिरवून हवा काढली. तुम्ही शिकवलंत तस्संच. बाई, देवाशपथ."

"देवाला मध्ये आणू नकोस, त्याला बरीच कामं आहेत. हे आवार बंद असतं का?"

"सुट्टीच्या दिवशी असतं. अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी सुट्टी होती."

"किल्ली?"

मिस्त्रीनं मान खाली घातली. "पाण्याच्या पिंपामागे टांगलेली असते."

"कुणाला ठाऊक आहे?"

"आपल्या वर्गातल्या सगळ्यांना."

बाईंनी मान हलवली आणि पंपाला धरणाऱ्या बोल्टांकडे वाकल्या. रंगाला नि चुन्याला फसून त्यांनी ते आधी नीट पाहिलेच नव्हते. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर एक लाल रेघ होती, मधोमध निघून कडेपर्यंत येऊन तुटलेली.

"ही रेघ?"

"माझी," मिस्त्री म्हणाला. "बोल्ट आवळून झाला की डोक्यावरून खालच्या अंगावर एक रेघ ओढतो. नखं रंगवायचा बायकोचा रंग आहे. बोल्ट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते. बायको ओरडते, पण…"

तो बोलायचा थांबला. त्याचंही लक्ष गेलं होतं.

पंपाच्या कानावर, म्हणजे बोल्ट ज्या भोकातून जातो त्या लोखंडी पाळीवर, रेघेचा पुढचा भाग नव्हताच. नुसती चांदी.

"बोल्ट तोच," बाई म्हणाल्या, "अर्धी रेघ तीच. मग उरलेली अर्धी कुठं आहे रे?"

३

लॉन्ड्रीच्या मालकाला सगळे दादा म्हणत. ड्रायव्हरचा तो सख्खा चुलत भाऊ. बाई आल्या तेव्हा तो वाफेच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून जेवत होता. दोन हातांवर न धुतलेल्या चादरींचा ढीग. एका चादरीवर काय वाळलं होतं ते बाईंनी बघितलं आणि नजर वळवली. दादा मात्र बोटं चाटत होता.

"बसा मॅडम. माणूस गेला त्याचं वाईट वाटतंच हो. पण माझ्या चादरींचं काय? इस्पितळवाले रोज तगादा लावतायत."

"राखणदाराच्या घरी गेला होतात?"

"जाणारच आहे. जरा सगळं निवू दे."

"भाऊ तुम्हाला सांगत होता म्हणे, गाडी कण्हते."

"कानाशी लागला होता नुसता! दादा, सूर चढतोय. दादा, चाक जड आहे. मी म्हटलं, अरे, तू गातोस ते मी ऐकून घेतो ना, मग गाडी गाते ते तू ऐकून घे." तो स्वतःच्याच विनोदावर हसला आणि शिताचा एक दाणा त्याच्या हनुवटीवर उडाला. "आत्ताच तर पंप बदलून दिला होता. सारखे सारखे किती लाड करायचे?"

बाईंनी पदर नाकाशी नेला. वास चादरींचा होता का बोलण्याचा, ते सांगता आलं नसतं.

"अपघातानंतर तुम्ही आवारात गेलात?"

"छे, मला तो वास सोसत नाही," दादा म्हणाला, त्या ढिगाशेजारी बसून.

"मग ड्रायव्हर झोपला हे इतक्या खात्रीनं कसं सांगता? रोज जाऊन?"

"अहो, पंप शाबूत निघाला ना! तो पंपवाला, तुमचाच विद्यार्थी, फार भला माणूस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांत्वनाला आला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, दादा, फौजदारांना सांगा, सगळ्यात आधी पंप तपासा. तो शाबूतच निघेल. मग राहतं काय? माणसाची चूक. आणि तुमच्या भावाला सांगा, कबूल केलं की शिक्षा हलकी होते. बघा, किती काळजी!"

"फौजदारांनी पंप तपासला कधी?"

"तिसऱ्या दिवशी."

बाई उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "हनुवटी पुसा."

४

रस्त्यानं जाताना मिस्त्री त्यांच्या मागोमाग चालत होता. त्याच्या मुठीत पंपाचा एक बोल्ट होता, बाईंनी सोडवून घ्यायला लावलेला.

"बाई, संशय माझ्यावर आहे ना? किल्ली माझी, आवार माझं, बोल्ट माझे."

"होता. अर्धी रेघ दिसेपर्यंत होता."

"मग?"

"तू तुझ्या सायकलच्या नटावरसुद्धा रेघ ओढतोस. मी येताना बघितली. पंप तू बदलला असतास तर बोल्ट आवळल्यावर तुझा हात आपोआप बायकोच्या बाटलीकडे गेला असता. चोरी करतानासुद्धा सवय सुट्टी घेत नाही. हे काम अशा माणसाचं आहे की जो पंप टेबलावर उघडतो, बांधतो, रंगवतो, पण गाडीत कधी बसवत नाही. त्याला तुझ्या रेघेची खबर नाही. त्याला वाटलं, बोल्टाला काहीतरी लाल लागलंय."

मिस्त्री थबकला. "गुळ्या?"

गुळ्या हे पंपवाल्याचं वर्गातलं नाव. जीभ अशी गोड की मुंग्या लागाव्यात. बाईंचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. वर्षानुवर्षं त्या सांगत आल्या होत्या, पंप बांधावा तर त्यानं.

"तो असं करणार नाही, बाई. तुम्हीच म्हणायचात…"

"मी काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे. चल."

"पण जुना पंप त्यानं कधीच नदीत फेकला असेल. पुराव्याशिवाय फौजदार आपल्याला दारात उभं करणार नाही."

बाई चालता चालता थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून मिस्त्री एक पाऊल मागं सरला.

"फेकला असता तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या धंद्यात जुनं अंग कोणी फेकतं का रे?"

५

पंपवाल्याचं दुकान आरशासारखं स्वच्छ. भिंतीला फळ्या, फळ्यांवर गाड्यांमधून काढून आणलेले जुने पंप, तेलकट, ओशाळे. या धंद्याची रीतच अशी, की दुरुस्त केलेला पंप न्यायचा तर जुना आणून द्यायचा. बाहेरचं लोखंडी अंग तेच ठेवायचं, आतलं झिजलेलं सगळं बदलायचं, दाब लावून बघायचं, मग रंग. दुसऱ्या बाजूला तारेवर रंगवलेले पंप ओळीनं वाळत होते. खाली डिझेलची टाकी, धुण्यासाठी.

"बाई! माझ्या दुकानाला पाय लागले तुमचे!" गुळ्यानं वाकून नमस्कार केला, खुर्ची पुसली, आतल्या बाजूला हाक मारली, "अगं, बाई आल्यात, चहा टाक! आणि कटकट्या, तू पण? बस की रे, दारात काय उभा राहतोस यमासारखा!"

"तो दारातच बरा आहे," बाई म्हणाल्या. "अपघात ऐकलास ना?"

"ऐकून जेवण गेलं नाही, बाई. राखणदाराच्या बायकोला भेटून आलो. रडलो. पण एकच समाधान, की आपला पंप निर्दोष निघाला."

"हो. बोटानं फिरतो. मी बघितला. सुरेख बांधलायस. सील नवं, बेअरिंग नवं. मी तपासला असता तर पैकीच्या पैकी गुण दिले असते."

गुळ्या फुलला. "तुमचीच शिकवण."

बाई टाकीजवळ गेल्या. डिझेलच्या तळाशी गाळ बसला होता. काळ्या तेलात असतो तसा काळा नव्हता. पांढरा, चिकट, दह्यासारखा फुटलेला. त्यांनी काडीनं तो ढवळून पाहिला.

गुळ्याची बायको चहा घेऊन आली. हसरी, लगबगीची. "घ्या ना बाई, गार होईल."

"यातले आज जाणारे कुठले गं?" बाईंनी तारेकडे बोट केलं.

"तो कोपऱ्यातला. शाळेच्या गाडीचा. येतीलच न्यायला."

"तो नाही!" गुळ्या म्हणाला. पहिल्यांदाच आवाजातली साखर सुटली होती. "तो अजून ओला आहे. हात लावू नका बाई, साडी खराब होईल."

बाईंनी तो तारेवरून काढला. रंग बोटांना लागला. दुसऱ्या हातानं त्यांनी पुली फिरवली. फिरली, फिरली, आणि एका जागी अडली. गाणाऱ्याच्या गळ्यात आवंढा यावा तशी. जोर लावल्यावर पुढं सरकली, आतून बारीक करकरत, आणि फिरून त्याच जागी अडली.

त्यांनी केसातला आकडा काढला आणि पंपाच्या कानावर खरवडला. चांदी निघाली. तिच्याखाली चुन्याचा पांढरा थर निघाला. त्या थराखाली लाल.

"बोल्ट," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीनं मूठ उघडली. बाईंनी बोल्ट कानाच्या भोकात सरकवला आणि हळूहळू फिरवला. डोक्यावरची लाल रेघ फिरत फिरत आली आणि कानावरच्या लाल रेघेला जाऊन मिळाली. एकच रेघ झाली, एका हातानं ओढलेली, जराशी वाकडी.

चहावर साय धरली.

"आतलं काही बदललंच नव्हतंस," बाई म्हणाल्या. "धुतलास, रंगवलास, दिलास. तो थोडे दिवस गप्प बसला, मग कण्हायला लागला. वळणावर आतून अडकला, पट्टा जळला, चाक ताठलं, आणि ड्रायव्हर दोन्ही हातांनी ओढत असताना गाडी सरळ गेली. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. पिंपामागची किल्ली तुला ठाऊक. तू तिथं गेलास, त्या माश्यांत, त्या रक्तात, आणि पंप बदलून आलास. डबीत नवं तेल ओतलंस. खालच्या नळ्यांत जुनं तसंच राहिलं, कारण गाडी चालू केल्याशिवाय ते निघत नाही. मग दादाकडं जाऊन हात हातात घेतलास."

"बाई, कामाची गर्दी होती हो," गुळ्या म्हणाला. "वरून बरा दिसत होता. मला वाटलं, काढेल काही दिवस. आणि त्याच्या जागी चांगला बसवला ना! माझ्या हातानं, मनापासून बांधलेला!"

"हो. चालत्या गाडीला मेलेला पंप दिलास, आणि मेलेल्या गाडीला जिवंत."

"ड्रायव्हरचं मी वाईट केलं नाही. हलकी शिक्षा होईल असंच मी सांगितलं…"

"हा फेकला का नाहीस?"

गुळ्या खरंच गोंधळला. प्रश्नच त्याला कळला नाही. "फेकायचा? बाई, या जातीची अंगं मिळत नाहीत हल्ली. तुम्हीच शिकवलंत, जुनं अंग कधी टाकायचं नाही."

"अंग ठेवायचं आणि आतलं सगळं बदलायचं, असं शिकवलं होतं. तू पहिलं अर्धं ऐकलंस." बाईंनी पंप टेबलावर ठेवला. "याही वेळी आतलं काही बदललं नाहीस. माणूस मारून आलेला पंप, नुसता रंगवून, पोरांच्या गाडीला."

बायको इतका वेळ हातात ताट धरून उभी होती. आता ती हळूच म्हणाली, "अहो. आपली छकुली जाते त्या गाडीतून."

गुळ्यानं ओठांवरून जीभ फिरवली.

"ती मागच्या सीटवर बसते गं," तो म्हणाला.

ताट खाली पडलं. बाईंनी आयुष्यात गंजलेले, सडलेले, मेलेल्या उंदरांनी भरलेले नाही नाही ते डबे उघडले होते. पण हे ऐकून त्या मागच्या दारानं बाहेर गेल्या, भिंतीला हात टेकला, आणि सकाळचं सगळं तिथं ओकल्या.

आत त्याची बायको ओरडत नव्हती. ती फोनवर शाळेशी बोलत होती. गाडीतला जुना पंप बिघडलेलाच आहे, ती जिथं असेल तिथं उभी करा, म्हणत होती, पोरांना खाली उतरवा, पायी आणा, मी येते, सगळ्यांना मी आणते.

मिस्त्री दारातून हलला नाही. पंपवाल्यानं एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि पळायचं मनात आलं असेल तर ते सोडून दिलं.

६

ड्रायव्हरच्या खाटेशी फौजदार खुर्ची ओढून बसला होता. मांडीवर कागद. उशाशी दादा, कपाळावरून हात फिरवत. "सांग रे, सांगून मोकळा हो. डोळा लागला म्हणावं. देवही माफ करतो."

बायको पायथ्याशी उभी. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"लिहा," ड्रायव्हर म्हणाला. डोळे छताला. "मला आठवत नाही साहेब, पण सगळे म्हणतात तर… लागला असेल. चाक धरलं होतं एवढं आठवतं. त्यापुढं…"

"थांबा," दारातून आवाज आला.

बाईंच्या हातांना ओली चांदी लागलेली. मागे मिस्त्री, त्याच्यामागे फौजदाराचाच हवालदार. पंपवाल्याला तो चौकीत बसवूनच इकडे आला होता, आणि त्यानं वाकून साहेबांच्या कानात बरंच काही सांगितलं. ऐकता ऐकता फौजदाराची भुवई वर गेली आणि तिथंच राहिली. त्यानं दादाकडे बघितलं. दादानं कपाळावरचा हात काढून घेतला.

"मॅडम, हे चौकीतही झालं असतं," फौजदार म्हणाला.

"तुमचं झालं असतं. याचं नसतं झालं." बाईंनी फडक्यात गुंडाळलेला पंप ड्रायव्हरच्या पोटावर अलगद ठेवला. त्याला जळक्या तेलाचा वास होता. दादानं नाक मुरडलं. ड्रायव्हरनं मुरडलं नाही. त्यानं तो वास आत घेतला, आणि त्याची मान उशीवरून उचलली गेली.

"हे काय आहे?"

"डोळे मीट," बाई म्हणाल्या. "आणि ही पुली फिरव. हळू."

त्यानं हात ठेवला. फिरवली. पुली सरकली, सरकली, आणि अडली. त्याची बोटं अडली. खांदा ताठला. दुसरा हात आपोआप वर आला आणि दोन्ही हातांनी त्यानं ती पुली अशी आवळली की मनगटाच्या शिरा फुगल्या. पुली आतून करकरली. त्याच्या गळ्यातून त्याच करकरीच्या सुरात एक बारीक आवाज निघाला.

"हेच," तो म्हणाला. "इथंच. मी ओढत होतो. मला तो दिसत होता, साहेब. स्टुलावर. त्यानं डबा उघडला होता. मी हॉर्न दाबला, त्यानं वर बघितलं. मी ओढत होतो आणि ते येत नव्हतं."

त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांत उतरलं. बायकोनं ते पुसलं नाही, वाहू दिलं.

फौजदारानं मांडीवरचा कागद चुरगळला आणि नवा घेतला. "सावकाश सांगा. सुरुवातीपासून."

ड्रायव्हरनं पंपावरचा हात काढला, चादरीला पुसला, आणि पहिल्यांदा दादाकडे सरळ बघितलं.

"लिहा," तो म्हणाला. "मी जागा होतो."